हायडनचा छोटा ‘ऑर्गन मास’: मिनिटभरात ग्लोरिया, आणि मग ऑर्गनला भरपूर वेळ

अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार जोसेफ हायडन याची एक छोटी धार्मिक रचना जगभरचे हौशी गायकवृंद आवडीने गातात. लॅटिनमधलं तिचं पूर्ण नाव ‘मिस्सा ब्रेव्हिस सांक्ती योआनिस दे देओ’ असं आहे, पण सगळे तिला ‘लिटल ऑर्गन मास’, म्हणजे छोटा ऑर्गन मास, म्हणतात. यूट्यूबवर तिची कितीतरी ध्वनिमुद्रणं आहेत. पहिल्यांदा ऐकणारा मात्र दोन ठिकाणी हमखास गोंधळतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ‘ग्लोरिया’. या स्तोत्रात ऐंशीहून अधिक लॅटिन शब्द आहेत आणि हायडन ते सगळे साधारण मिनिटभरात संपवतो. हातात शब्दांचा कागद असला तरी कुठे काय चाललंय ते सापडत नाही. दुसरं ठिकाण ‘बेनेदिक्तुस’. ‘प्रभूच्या नावाने येणारा धन्य’ एवढ्या अर्थाचे सहा लॅटिन शब्द, आणि ते मात्र चार-पाच मिनिटं चालतात. एक सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाची गायिका, गाते आणि तिच्याभोवती ऑर्गन नक्षी विणत राहतो. बाकी कुठेही न मिळालेला वेळ इथे अचानक कुठून आला?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, असं माझं मत आहे. ते समजलं की ही सोळा-सतरा मिनिटांची रचना वेगळीच ऐकू येते.

## आधी मिस्सा म्हणजे काय ते पाहू

मिस्सा ही कॅथलिक ख्रिस्ती लोकांची मुख्य उपासना. वसईकडच्या किंवा गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. धर्मगुरू वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात, बायबलमधले उतारे वाचले जातात, प्रार्थना होतात. यातल्या काही प्रार्थना सणावाराप्रमाणे बदलतात, तर काही वर्षभर त्याच राहतात.

न बदलणाऱ्या भागांना संगीतकार शतकानुशतकं चाली लावत आलेत: किरिए (प्रभो, दया कर), ग्लोरिया (देवाची स्तुती), क्रेदो (श्रद्धेचा जाहीर उच्चार), सांक्तुस आणि त्याला जोडून येणारा बेनेदिक्तुस, आणि शेवटी आग्नुस देई (देवाच्या कोकरा, आम्हांला शांती दे). पाश्चात्त्य संगीतात या सगळ्या भागांच्या मिळून झालेल्या रचनेलाही ‘मास’ म्हणजे मिस्साच म्हणतात. मोठ्या सणाला तुतारी-नगाऱ्यांसह लांब रचना असे. साध्या प्रसंगाला ‘मिस्सा ब्रेव्हिस’, म्हणजे आखूड मिस्सा.

आखूड म्हणजे किती आखूड, हे संगीतकाराच्या हातात नव्हतं. साल्झबुर्गमध्ये मोझार्टची तीच तक्रार होती. १७७६ साली इटलीतल्या पाद्रे मार्तिनींना गेलेल्या त्याच्या पत्रात म्हटलंय, की आर्चबिशप स्वतः वेदीवर असले तरी सगळ्यात थाटाची मिस्सासुद्धा पाऊण तासात आटपावी लागते. साध्या दिवशी काय होत असेल, याचा अंदाज यावरून येईल.

## रुग्णालयाच्या चर्चसाठी लिहिलेलं संगीत

हायडनने ही रचना १७७५च्या सुमारास लिहिली. तेव्हा तो एस्तरहाझी सरदारांच्या पदरी संगीतप्रमुख होता. आज ऑस्ट्रियात असलेल्या आयझेनश्टाट गावात या घराण्याचा वाडा आहे. त्याच गावात पाउल आंतोन एस्तरहाझीने १७६० साली एक रुग्णालय काढलं आणि ते संत जॉन ऑफ गॉडच्या पंथातल्या बंधूंकडे सोपवलं. रुग्णांची सेवा हेच या बंधूंचं व्रत. त्यांच्या नावाने तिथे आजही रुग्णालय चालतं.

रचनेच्या शीर्षकातला ‘योआनिस दे देओ’ म्हणजे हाच संत. जन्माने पोर्तुगीज, सोळाव्या शतकातला. स्पेनमधल्या ग्रानादा शहरात त्याने आजारी आणि बेघर लोकांसाठी आश्रयस्थान उभं केलं आणि १५५० साली तिथेच त्याचं निधन झालं. त्याचा सण ८ मार्चला असतो. त्याच्या पंथाचे लोक पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही पोचले होते. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर या संताच्या नावाचा सतराव्या शतकातला मठ आहे. तिकडे फिरायला जाणारे बहुतेक जण त्याच्याजवळून थेट मोठ्या चर्चकडे निघून जातात.

हायडनचा या बंधूंशी संबंध एस्तरहाझींच्याही आधीचा. व्हिएन्नात उमेदवारी करत असताना त्यांच्याच लेओपोल्डश्टाटमधल्या चर्चमध्ये वर्षाला साठ गुल्डनवर तो पहिलं व्हायोलिन वाजवायचा. रविवारी आणि सणाला सकाळी आठला तिथे, दहाला एका सरदाराच्या खाजगी चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवायला, अकराला सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये गायला! छोट्या चर्चची, मोजक्या वाजवणाऱ्यांची आणि घड्याळाची सवय त्याला तरुणपणीच झाली होती.

आयझेनश्टाटच्या या चर्चमध्ये जागा कमी आणि ऑर्गन छोटा, पायांनी वाजवायच्या पट्ट्या नसलेला. म्हणून वाद्यवृंदही त्या मापाचा: व्हायोलिनचे दोन गट, खालच्या सुरांसाठी चेलो आणि डबल बास, आणि ऑर्गन. व्हायोलासुद्धा नाही. बासऱ्या, शिंगं, तुताऱ्या काहीच नाही. त्या काळी ऑस्ट्रियातल्या चर्चमध्ये हा संच नेहमीचा होता. हायडनला तो अपुरा वाटल्याची खूण रचनेत कुठेही दिसत नाही.

## ग्लोरिया मिनिटभरात कसा संपतो?

पूर्ण ग्लोरिया फक्त ३१ बारांचा आहे. बार म्हणजे तालाच्या लिखाणातला एक ठरावीक खण. एवढ्या जागेत ऐंशीहून जास्त शब्द ओळीने गायचे म्हटले तर गाणं राहणार नाही, नुसती घाई होईल. हायडनने दुसरीच वाट धरली. त्याने स्तोत्राची वाक्यं सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चार आवाजांत वाटून दिली आणि ती एकाच वेळी गायला लावली.

आपल्याकडे पोथीचं पारायण एका दिवसात पुरं करायचं असलं की अध्याय घरातल्या आणि शेजारपाजारच्या माणसांत वाटून घेतात. एक जण पहिला अध्याय वाचतो, त्याच वेळी दुसरी दुसरा, तिसरा तिसरा. दारात उभ्या असलेल्या माणसाला एकही अध्याय नीट कळत नाही, पण पोथीतला एकही शब्द गाळलेला नसतो आणि पारायण पुरं झालेलं असतं. हायडनच्या ग्लोरियाचं गणित अगदी हेच आहे. फरक एवढाच, की त्याचे चारही वाचक एका लयीत, एकमेकांशी जुळणाऱ्या सुरांत आहेत आणि शेवटच्या ‘आमेन’कडे येताना ते एकत्र येतात.

ही युक्ती हायडनची एकट्याची नव्हे. ऑस्ट्रियातल्या आखूड मिस्सांमध्ये ती सर्रास वापरत. क्रेदो तर ग्लोरियाहूनही लांब, त्यामुळे हायडनने तिथेही आवाजांत शब्द वाटलेत. पण देवाने मनुष्यरूप घेतलं, त्याला क्रुसावर खिळलं, त्याला पुरलं, ही वाक्यं आली की तो गती एकदम उतरवतो. तिथे प्रत्येक शब्द ऐकू येतो. कुठे घाई चालेल आणि कुठे चालणार नाही याचा त्याचा विवेक इथे उघड दिसतो. मला तर हा उतारा ग्लोरियाइतक्याच लक्षपूर्वक ऐकण्यासारखा वाटतो.

## ‘पण मग प्रार्थनेचा अर्थ कुणाला कळणार?’

ही शंका त्या काळीही होती. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४९ साली चर्चसंगीतावर एक परिपत्रक काढलं. त्यात चर्चमध्ये वाद्यं वापरायला काही अटींवर मुभा होती, पण शब्द स्पष्ट कळावेत असा आग्रहही होता. त्या कसोटीवर हायडनचा ग्लोरिया उतरत नाही, हे मान्यच करायला हवं.

तरीही त्याला श्रद्धाहीन म्हणता येणार नाही. त्या काळच्या विधीत एक गोष्ट होती जी आज सहसा दिसत नाही. गायकवृंद ग्लोरिया गात असताना वेदीवरचे धर्मगुरू तोच मजकूर स्वतः हलक्या आवाजात पूर्ण म्हणत. विधीच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं हाच खरा उच्चार, त्यामुळे वरच्या सज्जात चार आवाजांनी शब्द वाटून घेतले म्हणून प्रार्थना अर्धवट राहत नसे. शिवाय लोकांना हा मजकूर आठवड्यामागून आठवडा ऐकून ओळखीचा झालेला असे.

आणि हायडनच्या श्रद्धेबद्दल बोलायचं तर त्याच्या हस्तलिखितांकडे बघावं. सुरुवातीला ‘प्रभूच्या नावाने’ आणि शेवटी ‘देवाची स्तुती असो’ असं तो लॅटिनमध्ये लिहायचा, आणि हे फक्त चर्चसंगीतापुरतं नव्हतं. सिंफनीच्या कागदांवरही तसंच.

## ‘ऑर्गन तर प्रत्येक चर्चमध्ये असतो, मग यात विशेष काय?’

मराठी वाचकाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. गायकनटाच्या पुढ्यात, रंगमंचाखाली ठेवलेली पायपेटी. तिच्यात हवेने धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात, हार्मोनियममध्ये थरथरतात तशाच. चर्चमधला मोठा ऑर्गन वेगळा. त्यात मुख्यतः नळ्या असतात, लाकडाच्या आणि धातूच्या. भात्यातली हवा नळीत शिरते आणि नळी सूर देते. एका सुराची एक नळी, आणि वेगवेगळ्या जातीच्या नळ्यांच्या अनेक रांगा. कुठल्या रांगा बोलाव्यात हे खुंट्या ओढून ठरवायचं. अठराव्या शतकात भाता हलवायला वेगळा माणूस लागे.

या वाद्याचे दोन स्वभाव लक्षात ठेवावेत. पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. आणि हवा आहे तोवर सूर विरत नाही, तो सरळ उभा राहतो.

आता मूळ शंकेकडे येऊ. चर्चमध्ये ऑर्गन असे, हे खरं, पण बहुतेक रचनांत त्याचं काम पडद्यामागचं असे. वादकाच्या कागदावर फक्त खालच्या सुरांची ओळ आणि तिच्यावर आकडे. ते आकडे बघून उजव्या हाताने कुठले सूर भरायचे ते त्याने जागच्या जागी ठरवायचं. गायकांना आधार मिळे, ते बेसूर होत नसत, वृंद एकत्र राही. पण ऐकणाऱ्याचं ऑर्गनकडे वेगळं लक्ष जात नसे.

या मासच्या बेनेदिक्तुसमध्ये मात्र हायडनने उजव्या हाताचा सूर न् सूर लिहून दिलाय. असा लिहून दिलेला, वगळता न येणारा स्वतंत्र भाग असला की त्या वाद्याला ‘ओब्लिगातो’ म्हणतात. ऑर्गन आधी एकटा धून मांडतो, मग सोप्रानो येते. ती लांब ओळ धरते तेव्हा हा बारीक जलद सुरांनी तिच्याभोवती फिरतो, ती थांबली की तिचं वाक्य पुढे नेतो. छोट्या ऑर्गनला गडगडाट जमत नाही, पण स्वच्छ, चमकदार, वेगवान सूर छान जमतात. हायडनने नेमकं तेच मागितलंय. पायांचं काम कुठेच नाही, कारण तिथे पायपट्ट्याच नव्हत्या.

याच ठिकाणी स्वरही बदलतात. बाकी रचना बी फ्लॅटमध्ये आहे, बेनेदिक्तुस ई फ्लॅटमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्यमाला षड्ज केलाय. मध्यमाला सा मानून गायला लागल्यावर मैफलीचा रंग कसा मऊ होतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना इथे काय होतं ते लगेच कळेल.

## बेनेदिक्तुसच का?

हायडनने मनात आलं म्हणून हा भाग निवडला नाही. त्याआधी, १७६८-६९च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या मोठ्या ऑर्गन मासमध्येही बेनेदिक्तुसला ऑर्गन पुढे येतो. मोझार्टच्या एका आखूड मिस्सेला तर ‘ऑर्गन सोलो’ असंच टोपणनाव पडलंय, कारण बेनेदिक्तुसच्या सुरुवातीलाच तिथे ऑर्गन एकटा वाजू लागतो.

याचं कारण विधीत आहे. सांक्तुसनंतर मिस्सेचा सगळ्यात पवित्र क्षण येई. धर्मगुरू मुख्य प्रार्थना अगदी हलक्या आवाजात म्हणत आणि मग भाकर आणि प्याला वर उचलून दाखवत. ते झालं की बेनेदिक्तुस. वेदीवरची प्रार्थना अजून चालूच असे, मोठ्याने काही म्हटलं जात नसे, लोक गुडघ्यांवर. ग्लोरिया लांबला तर धर्मगुरूंना थांबून राहावं लागे, पण इथे त्यांचं स्वतःचं काम चालू असल्यामुळे संगीताला जागा होती. या क्षणी ऑर्गनवर शांत संगीत वाजवायची पद्धतही जुनीच.

सुरुवातीच्या दोन प्रश्नांचं उत्तर इथे मिळतं. वेळ मोजका होता. हायडनने तो सगळीकडे सारखा वाटला नाही. जिथे धर्मगुरू आणि रुग्ण दोघंही संगीत संपण्याची वाट बघत बसले असते, तिथे त्याने चार आवाज एकमेकांवर चढवून वेळ वाचवला. जिथे लोक आधीच शांत झाले होते, तिथे तो वेळ सोडून दिला. ऑर्गन सोलोही त्याच हिशोबातला. बासरी नाही, ओबो नाही, पण स्वतंत्र रंग हवा, तर हाताशी असलेलं वाद्य एकच होतं.

## ‘हे तर ऑपेरासारखं वाटतं’

वाटतं खरं. एक सोप्रानो, तिच्या गळ्यातल्या हरकती, सोबतीला एक वाद्य: नाट्यगृहातल्या गाण्याचाच साचा. १७७०च्या दशकात हायडन एस्तरहाझींसाठी ऑपेरेही लिहीत होता, आणि दोन ठिकाणी तो दोन वेगळ्या भाषा बोलत नव्हता. त्याच्या धार्मिक संगीतात आनंद फार आहे, अशी तक्रार त्याच्या हयातीतच झाली. देवाचा विचार आला की मन आनंदाने भरून येतं, त्याला काय करू, अशा अर्थाचं त्याचं उत्तर त्याला ओळखणाऱ्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय.

सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८३ साली चर्चमधल्या वाद्यसंगीतावर निर्बंध आणले. १७८२ ते १७९६ या काळात हायडनने एकही मिस्सा लिहिली नाही. एकोणिसाव्या शतकात तर शुद्ध, वाद्यांविना गायनाचा आग्रह धरणाऱ्या सुधारकांनी अशा रचना चर्चबाह्य ठरवायचा जोरदार प्रयत्न केला.

मला त्यांचं म्हणणं पटत नाही, आणि त्याचं कारण याच रचनेच्या शेवटी आहे. त्या काळच्या बऱ्याच मिस्सा ‘आम्हांला शांती दे’ या शब्दांवर जलद लय धरतात आणि जोशात संपतात. ऐकणारा खुशीत बाहेर पडतो. हायडन इथे तसं करत नाही. आग्नुस देई संथ सुरू होतो आणि संथच राहतो. शांतीची मागणी पुन्हा पुन्हा येते, दर वेळी हळू, आणि शेवटी जवळजवळ ऐकू न येण्याइतकी. टाळ्यांचा विचार करणारा नाट्यगृहातला माणूस असं कधी करणार नाही. ज्या चर्चला लागूनच आजारी माणसांच्या खोल्या होत्या, त्या चर्चसाठी हा शेवट लिहिलाय, हे विसरून तो ऐकता येत नाही.

## वाद्यांची टंचाई आणि आणखी एक मिस्सा

वाद्यं कमी पडली की ऑर्गन पुढे आणायची ही रीत हायडनने म्हातारपणी पुन्हा वापरली, आणि त्यातून त्याची बहुधा सगळ्यात गाजलेली मिस्सा जन्मली. १७९८ साली, युद्धाच्या धामधुमीत, त्याच्या मालकाने खर्च कमी करायला फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांना कामावरून काढलं होतं. तेव्हा लिहिलेल्या मिस्सेत तंतुवाद्यं, तुताऱ्या, नगारे आहेत आणि बाकीच्यांच्या जागी ऑर्गन. संकटकाळची मिस्सा असं तिचं नाव हायडनने ठेवलं. आज ती नेल्सन मास म्हणून ओळखतात. पुढे १८०३ साली ती छापताना ऑर्गनचे भाग फुंकवाद्यांना वाटून दिले गेले आणि कितीतरी वर्षं लोकांनी ती तशीच ऐकली. मूळ रूपातला ऑर्गनचा एकटा, धारदार आवाज ऐकला की कळतं, त्या वाटणीत काय हरवलं होतं.

## मग लांब ग्लोरिया का नाही गायचा?

शेवटची शंका गाणाऱ्यांची. हायडनचा धाकटा भाऊ मिखाएल साल्झबुर्गमध्ये संगीतकार होता. त्याला हा ३१ बारांचा ग्लोरिया फारच आखूड वाटला असावा. त्याने तो फुलवून ११८ बारांचा केला, शब्द सलग आणि ऐकू येतील असे लावले. बऱ्याच गायकवृंदांपुढे आज दोन्ही पर्याय असतात.

मिखाएलचं काम उत्तम आहे आणि चर्चमध्ये, जिथे लोकांना शब्द कळायला हवेत, तिथे ते वापरणं योग्यच. पण मंचावर सलग मास गायचा असेल तर मी मूळचा छोटाच निवडेन. लांब ग्लोरिया गायल्यावर बेनेदिक्तुस हा इतर भागांसारखा एक सुंदर भाग होतो. छोटा गायलात तर ऑर्गन सुरू होताच श्रोत्याला जाणवतं, की इतका वेळ सगळ्यांनाच घाई होती. गायकवृंदही वीस-पंचवीस जणांपेक्षा मोठा नको, आणि भव्य कॅथीड्रल-ऑर्गन असला तरी त्याच्या एक-दोन मऊ रांगाच उघडाव्यात. वादकाला पायपट्ट्या वापरायचा मोह होईल, तो त्याने आवरावा.